‘तिनंच काहीतरी केलं असेल’ म्हणणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना काय शिकवायचं?

पत्र : मी बेळगावातल्या एका नर्सिंग कॉलेजात क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे. बीएस्सीच्या पाचव्या सेमिस्टरची मुलं-मुली माझ्याबरोबर कॅज्युअल्टीत आणि बाळंतपणाच्या वॉर्डात पोस्टिंगला असतात. गेल्या महिन्यात खानापूर भागातली एक बाई हात मोडून आली. मनगट आणि कोपर यांच्या मधोमध हाड मोडलेलं. सासू म्हणाली, गोठ्यात पाय घसरला. बाई गप्प. बाहेर आल्यावर माझ्याच दोन विद्यार्थिनी म्हणाल्या, ‘तिनंच काहीतरी केलं असेल, उगंच कोण मारतंय?’ वर्गात विषय काढला तर कुणी म्हणे घरची भांडणं, कुणी म्हणे दारूमुळं होतंय. एक मुलगा म्हणाला, ‘हे पोलिसांचं काम, आपलं नव्हे.’ मी एक लेक्चर घेतलं, आधी आणि नंतर प्रश्नावली भरून घेतली. नंतरच्या प्रश्नावलीत सगळ्यांची उत्तरं बरोबर, पण वॉर्डात वागणं होतं तसंच. आणि लेक्चर संपल्यावर एक मुलगी मागं थांबली नि म्हणाली, ‘मॅडम, आमच्या घरी पण असंच आहे.’ मला काही सुचलं नाही. काय करू?

उत्तर :

मॅडम, आधी त्या दोन विद्यार्थिनींबद्दल. त्यांना निर्दयी समजू नका. त्या घरून जे ऐकून आल्या तेच बोलल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सात कारणं सांगून विचारलं होतं की यातल्या कुठल्या कारणासाठी नवऱ्यानं बायकोला मारणं बरोबर आहे. न सांगता बाहेर गेली, घराकडं किंवा मुलांकडं लक्ष दिलं नाही, उलट बोलली, शरीरसंबंधाला नाही म्हणाली, स्वयंपाक नीट केला नाही, नवऱ्याला तिचा संशय आला, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही. कर्नाटकातल्या सुमारे ७७ टक्के बायकांनी आणि ८२ टक्के पुरुषांनी यातलं निदान एक कारण मान्य केलं. देशभरात हेच प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास आहे. याच सर्वेक्षणात कर्नाटकातल्या ४४ टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. तुमचा वर्ग याच घरांतून आलेला आहे. ‘भांड्याला भांडं लागणारच’, ‘दिल्या घरी सुखी राहा’, ‘नवऱ्यानं मारलं नि पावसानं झोडपलं तर दाद कुणाकडं मागायची’ ही वाक्यं त्यांनी ॲनाटॉमीच्या कितीतरी आधी पाठ केलीत.

म्हणून एका लेक्चरनं काही झालं नाही, याचं नवल नाही. लेक्चरनंतर मुलांना बरोबर उत्तर कळतं, आणि परीक्षेला सरावलेली मुलं ते लिहूनही देतात. त्या प्रश्नावलीतून तुम्हाला एवढंच कळलं की त्यांनी तुमचं ऐकलं होतं. मत बदलायला वर्षं लागतात, काहींचं बदलणारही नाही. पण पेशंटच्या खाटेशी उभं राहून काय विचारायचं, काय बोलायचं नाही आणि केस शीटवर काय लिहायचं, हे काही तासांत शिकवता येतं. आमचा अनुभवी सल्ला असा की सुरुवात तिथून करा. हातानं नीट काम करायला लागलेला विद्यार्थी पुढं डोक्यानंही बदलतो, हे बऱ्याचदा दिसतं. नुसतं डोक्याशी भांडत बसलं की तो फक्त सावध होतो.

पाचव्या सेमिस्टरला फॉरेन्सिक नर्सिंग आणि भारतीय कायद्यांची ओळख हा विषय अभ्यासक्रमातच आहे. त्यामुळं वेगळी परवानगी मागत बसू नका, त्याच तासांत हे बसवा. चार सत्रं घ्या, दीड-दीड तासाची, आठवड्याला एक. सलग एका दिवसात उरकू नका, कारण मधल्या दिवसांत मुलं वॉर्डात जातात आणि तिथून प्रश्न घेऊन येतात.

पहिल्या सत्रात वरची सात कारणं कागदावर छापून द्या. समोर फक्त ‘हो’ आणि ‘नाही’चे चौकोन. नाव नको, वाक्य लिहायला सांगू नका, कारण वर्गात अक्षर ओळखतात. मुलांसाठी वेगळ्या रंगाचा कागदही नको, साठात बारा ‘ब्रदर’ असतील तर लगेच कळतं कोण काय म्हणालं. हात वर करायला तर अजिबात सांगू नका. कागद डब्यात गोळा करा, मिसळा, परत वाटा आणि प्रत्येकाला दुसऱ्याच कुणाचा तरी कागद वाचायला लावा. फळ्यावर बेरीज मांडा. टीका करू नका.

मग त्याच फळ्यावर दुसरा प्रश्न लिहा : पेशंटनं तिसऱ्यांदा सलाइनची सुई उपसून टाकली, तुम्हाला शिवी दिली, सिस्टरचा मान ठेवला नाही. पेशंटला एक थप्पड मारली तर चालेल का? सगळा वर्ग नाही म्हणेल, तोही मनापासून. का नाही, हे त्यांच्याकडूनच वदवून घ्या. पेशंट आपल्यावर अवलंबून आहे, तो वेदनेत आहे, आपल्या हातात ताकद आहे म्हणून ती वापरायची नसते, हे सगळं तेच सांगतील. आता ही कारणं सातही ओळींसमोर मांडा. इथं वर्ग शांत होतो. ती शांतता मोडून काढू नका, दोन मिनिटं तशीच जाऊ द्या.

दारूचा मुद्दा निघेलच. दारूमुळं मारहाणीचा धोका वाढतो, हे खरं आहे आणि ते मान्य करा. पण मुलांना एवढंच विचारा की हा दारू पिलेला माणूस वाटेत भेटलेल्या फौजदारावर हात उचलतो का, कारखान्यातल्या मुकादमाला मारतो का, की घरी पोचेपर्यंत थांबतो? कुणाला मारायचं हे त्याला दारूतही कळतं.

‘मग ती सोडून का जात नाही?’ याला उत्तर देऊ नका, त्यांच्याकडून काम करून घ्या. पाच-पाचचे गट पाडा आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या : खानापूर तालुक्यातलं खेडं, रात्रीचे साडेनऊ, शेवटची बस गेलेली. बाईजवळ तीनशे रुपये, चार वर्षांचा मुलगा आणि अंगावर पिणारी मुलगी. फोन नवऱ्याकडं, आधार कार्ड सासूच्या ट्रंकेत. माहेर चंदगडला, वडील म्हणालेले, ‘परत येऊ नकोस.’ आज रात्री तिला सुरक्षित कुठं न्यायचं, पंधरा मिनिटांत सांगा. बहुतेक गट पंधराव्या मिनिटाला बाईला परत घरीच पाठवतात. वर्गातून उठताना त्यांच्या तोंडी तो प्रश्न राहत नाही. शिवाय एक गोष्ट त्यांना नक्की सांगा : घर सोडण्याचा काळ बाईसाठी सगळ्यात धोक्याचा असतो. म्हणून ‘निघून जा’ असा सल्ला नर्सनं कधीच द्यायचा नाही. कधी जायचं, जायचं की नाही, हे तिचं तिनं ठरवायचं.

दुसरं सत्र बोलण्याचं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथंच द्या. जागतिक आरोग्य संघटनेनं याच्या पाच पायऱ्या ठरवल्यात : ऐकून घेणं, तिला काय हवंय ते विचारणं, तिच्या बोलण्यावर विश्वास दाखवणं, सुरक्षिततेचा विचार करणं आणि पुढच्या मदतीशी जोडून देणं. पण मुलांना पायऱ्या पाठ करायला लावू नका. त्यांना तोंडात बसतील अशी वाक्यं द्या आणि ती मोठ्यानं म्हणून घ्या. आपल्याकडं ही वाक्यं दोन भाषांत लागतात, इथंच घोळ होतो. पेशंट मराठी बोलणारी, ड्युटीवरची मुलगी गोकाक-बैलहोंगलकडची, कन्नड बोलणारी, आणि दुभाषी म्हणून कोण? सासू. मारणाऱ्याच्या घरातलं माणूस दुभाषी असेल तर तो प्रश्न विचारलाच नाही असं समजा. प्रत्येक पोस्टिंग बॅचमध्ये एक मराठी आणि एक कन्नड बोलणारी अशी जोडी लावा. कन्नड येत नसेल त्यांनीही निदान दोन वाक्यं पाठ करावीत : ‘मन्याग यारर होडीतारेनु?’ म्हणजे घरात कुणी मारतं का, आणि ‘इदु निम्म तप्पल्ला’, यात तुमची चूक नाही.

मराठीत सुरुवात अशी करता येते : ‘अशी दुखापत घेऊन येणाऱ्या सगळ्या बायकांना आम्ही एक गोष्ट विचारतो. घरात कुणी मारतं का, कुणाची भीती वाटते का?’ ‘सगळ्यांना विचारतो’ हे शब्द महत्त्वाचे, त्यामुळं तिला आपल्यालाच वेगळं काढल्यासारखं वाटत नाही. ती हो म्हणाली तर लगेच दुसरा प्रश्न नको. ‘बरं केलंत सांगितलंत. मारणं चुकीचंच आहे. तुम्हाला आत्ता काय हवंय?’ ती नाही म्हणाली तर उलटतपासणी नको. ‘बरं. पुढं कधी बोलावंसं वाटलं तर आम्ही इथंच आहोत,’ एवढं म्हणायचं नि ड्रेसिंगला लागायचं. पहिल्यांदा नाही म्हणणारी बाई दुसऱ्या खेपेला सांगते, पण पहिल्या खेपेला तिला कोंडीत पकडलेलं नसेल तरच.

ज्या वाक्यांवर काट मारायची ती फळ्यावर लिहून ठेवा : ‘तुम्ही काय केलं होतं?’, ‘समजुतीनं घ्या’, ‘पोरांकडं बघून दिवस काढा’, ‘मी बोलते तुमच्या नवऱ्याशी’. शेवटचं सगळ्यात घातक. चांगल्या मनाची, तरुण, उत्साही विद्यार्थिनीच ते बोलते, आणि त्याचा मार बाईला त्या रात्री बसतो. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचनही देऊ नये, कारण डॉक्टरांना सांगावंच लागतं. ‘उपचार करणाऱ्यांशिवाय कुणाला सांगणार नाही, आणि पोलिसांना कळवायची वेळ आली तर आधी तुम्हाला सांगेन’ असं खरं तेवढंच बोलावं.

हे सगळं एकांतात. पडदा ओढला म्हणजे एकांत नव्हे, पडद्यातून सगळं ऐकू जातं. सासूला किंवा नवऱ्याला बाहेर काढण्याच्या साध्या युक्त्या मुलांना दाखवून द्या : लघवीचा नमुना द्यायला बाईला न्यायचं, वजन करायला न्यायचं, एक्स-रेला न्यायचं, गर्भवती असेल तर तपासणीच्या खोलीत घ्यायचं. ‘आत फक्त पेशंट, दवाखान्याचा नियम आहे’ एवढं पुरतं, आवाज चढवायची गरज नाही. नवरा हटायलाच तयार नसेल तर विचारू नका, आणि हटत नाही हीच गोष्ट डॉक्टरांना सांगा. दोन वर्षांवरचं मूल जवळ असेल तरीही हा विषय काढू नये, मूल घरी जाऊन जसंच्या तसं सांगतं.

बाईनं हो म्हटलं तर धोका किती हे चटकन जोखायचे सहा प्रश्न आहेत, हेही जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेतले. गेल्या सहा महिन्यांत मार वाढलाय का? हत्यार वापरलं किंवा त्याची धमकी दिली का? कधी गळा दाबला का? तो जीव घेईल असं वाटतं का? पोटात बाळ असताना मारलं होतं का? तो सतत नि टोकाचा संशय घेतो का? तीन किंवा जास्त उत्तरं ‘हो’ असतील तर त्या दिवशी तिला नुसतं औषध देऊन घरी सोडणं धोक्याचं आहे. त्यात गळा दाबल्याचं वेगळं लक्षात ठेवायला सांगा. मानेवर वळ उठलेला नसतोही. आवाज बसलेला, गिळताना दुखणं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके, हे दिसलं की ताबडतोब डॉक्टरांना बोलवायचं. सूज नंतर वाढून श्वास अडकू शकतो.

तुमच्या त्या खानापूरच्या बाईकडं परत येऊ. घसरून पडणारा माणूस हात टेकतो, तेव्हा बहुधा मनगटाजवळचं हाड मोडतं. डोक्यावर येणारी काठी अडवायला हात वर केला की करंगळीकडचं हाड मधोमध मोडतं. हा पुरावा होत नाही, पण एकांतात विचारायला एवढं कारण पुरेसं आहे. हा एक्स-रे वर्गात दाखवा (नाव-नंबर झाकून). आपण ‘सहानुभूती ठेवा’ म्हणतो ते मुलांना कळत नाही, हाड बघून पटकन कळतं. तसंच, एकाच अंगावर जुन्या-नव्या वेगवेगळ्या रंगांच्या जखमा, हाताच्या बाहेरच्या बाजूला, कानामागं, मानेवर, गर्भवतीच्या पोटावर आणि छातीवर मार, दुखापत होऊन दोन-तीन दिवसांनी आणलेली बाई, सांगितलेल्या गोष्टीशी न जुळणारी जखम, हे दिसलं तरीही एकांतात विचारावं. आणि आपल्याकडचा नेहमीचा शब्द : ‘औषध प्याली.’ शेतातलं कीटकनाशक पिऊन आलेल्या बाईचा जीव वाचवण्यात सगळे गुंततात, ते आधी करायलाच हवं. पण ती शुद्धीवर आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकांतात कुणी विचारतं का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणं असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच मानायचं असतं, तिला गुन्हेगारासारखं वागवायचं नसतं. हे मुलांना माहीत नसतं, म्हणून वॉर्डात तिच्याशी तुसडेपणानं बोललं जातं.

तिसरं सत्र लिहिण्याचं. दोन केस शीट शेजारी-शेजारी ठेवा. एकीवर ‘हिस्टरी ऑफ फॉल, अलेज्ड असॉल्ट’ (पडल्याचं सांगतात, मारहाण झाल्याचं म्हणणं) एवढंच. दुसरीवर : ‘पेशंट सांगते, काल रात्री नऊच्या सुमारास नवऱ्यानं काठीनं डाव्या हातावर आणि पाठीवर मारलं. उजव्या खांद्याच्या मागं ६ बाय २ सेंटिमीटर लांबट निळसर वळ. पेशंट रडत होती, विचारलेल्या प्रश्नांना नीट उत्तरं देत होती.’ कोर्टात दोन वर्षांनी पहिला कागद कुणाच्याच उपयोगाचा नसतो. बाईचे शब्द अवतरणात, तिच्याच भाषेत लिहा. मराठी वाक्याचं इंग्रजी करताना ‘ढकललं’चं ‘पडली’ होतं. जखमेची जागा, आकार, लांबी-रुंदी, रंग लिहा. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे मात्र लिहू नका, माणसागणिक रंग वेगळा बदलतो आणि उलटतपासणीत तिथंच कागद फाटतो. शरीराचं साधं रेखाचित्र काढून खुणा करा. वेळ, तारीख, सोबत कोण आलं, सही. भाजलेल्या बाईचे पहिले शब्द फार मोलाचे असतात. ती पुढं दगावली तर मृत्युपूर्व जबाब म्हणून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २६ खाली ग्राह्य धरले जाऊ शकतात. रीतसर जबाब दंडाधिकारी घेतात, डॉक्टर ती शुद्धीत आहे हे लिहून देतात, पण रात्री दोनला ती पहिल्यांदा बोलते ती ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरशी.

याच सत्रात हँडओव्हरचा, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्यांना सांगण्याचा विषय घ्या. सकाळी राउंडला ‘चौदा नंबर, नवऱ्यानं मारलेली’ असं खाटेशी उभं राहून मोठ्यानं सांगितलं जातं आणि चौदा ते वीस सगळ्या खाटांना कळतं. संध्याकाळपर्यंत ते गावात पोचतं. हे शब्द नर्सिंग स्टेशनवरच बोलायचे, खाटेशी नाहीत.

चौथ्या सत्रात ‘पोलिसांचं काम’ म्हणणाऱ्या मुलाला उत्तर आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याच्या कलम ७ प्रमाणं वैद्यकीय मदत देणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. २००६ च्या नियमांतला सतरावा नियम सांगतो की आधी कौटुंबिक घटनेचा अहवाल भरलेला नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. उलट अहवाल भरलेला नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखानं तो नमुना १ मध्ये भरून संरक्षण अधिकाऱ्याकडं, म्हणजे या कायद्याखाली बाईला मदत करायला नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडं, पाठवायचा असतो. बाईला तपासणीच्या अहवालाची प्रत फुकट मिळते. कर्नाटकात तालुक्याला संरक्षण अधिकाऱ्याचं काम बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडं, म्हणजे लोक ज्यांना सीडीपीओ म्हणतात त्यांच्याकडं असतं. लैंगिक अत्याचार किंवा ॲसिडहल्ल्याची पेशंट आली तर सरकारी असो की खासगी, दवाखान्यानं लगेच आणि मोफत उपचार करायचे आणि पोलिसांना कळवायचं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ सांगतं. उपचार नाकारले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोलिसांत जायचं नाही असं सज्ञान बाई म्हणाली तर तिचा नकार लिहून घ्यायचा, उपचार थांबवायचे नाहीत. लैंगिक अत्याचार झाला असेल तर एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, जितकं लवकर तितकं बरं, आणि ते २८ दिवस घ्यायचं असतं. पुराव्यासाठी शरीरावरचे नमुने ९६ तासांपर्यंत घेता येतात. अशा पेशंटची दोन बोटांची चाचणी (योनीमार्गात बोटं घालून करायची तपासणी) करणं हे गैरवर्तन ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. विद्यार्थ्यानं कुठं ती पाहिली तर तुमच्याकडं यायचं, हे आधीच बजावून ठेवा. मुलगी अठराच्या आतली असेल, गळ्यात मंगळसूत्र असलं आणि बाळंतपणाला आली असली तरी, पोक्सो कायद्याप्रमाणं कळवणं बंधनकारक आहे. तिथं घरच्यांच्या ‘मिटवून घेऊ’ला जागा नाही.

सीमाभागातला आणखी एक प्रश्न मुलं हमखास विचारतात : बाई चंदगडची, दिली निपाणीला, मार खाऊन माहेरी आलेली, आणि उपचार बेळगावात. तक्रार कुठं? २००५ च्या कायद्याच्या कलम २७ प्रमाणं ती कायमची किंवा तात्पुरती जिथं राहते, सासरचे जिथं राहतात किंवा घटना जिथं घडली, यातल्या कुठल्याही ठिकाणच्या दंडाधिकाऱ्याकडं तिला अर्ज करता येतो. गुन्ह्याची फिर्यादही कुठल्याही पोलीस ठाण्याला घ्यावी लागते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. ‘हे महाराष्ट्रातलं, तिकडं जा’ असं कुणी म्हणालं तर बाई तिथंच हार मानते, म्हणून हे मुलांच्या ओठावर हवं.

वर्गातूनच, सगळ्यांसमोर, फोन लावून बघायला लावा. १८१ महिला मदतवाणी, ११२ तातडीसाठी, १०९८ लहान मुलांसाठी, आणि फुकट वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००. बायकांना मोफत कायदेशीर मदत मिळायला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा रुग्णालयातल्या सखी केंद्रात, म्हणजे हिंसा सोसलेल्या बायकांना एकाच ठिकाणी मदत देणाऱ्या केंद्रात, कर्नाटकात ज्याला ‘गेळती’ही म्हणतात, मुलांना एकदा प्रत्यक्ष नेऊन आणा. कुठल्या मजल्यावर, रात्री कोण असतं, मराठी बोलणारं कुणी आहे का, तात्पुरती राहायची सोय कशी, हे त्यांनी स्वतः विचारून लिहून आणायचं. जिथं आपण कधी गेलो नाही तिथं आपण पेशंटला विश्वासानं पाठवू शकत नाही. बाईच्या हातात पत्रक देऊ नका, घरी झडतीत सापडतं. १८१ तोंडपाठ करून द्या. तिच्या घरच्या फोनवर ‘कशा आहात?’ म्हणून फोन करायचा नाही, व्हॉट्सॲप तर नाहीच.

आता परीक्षा. प्रश्नावली पुन्हा घेऊ नका. दहा मिनिटांचं प्रात्यक्षिक ठेवा : एक सहकारी पेशंट होईल, दुसरी सासू. तुम्ही कोपऱ्यात बसून बघा. सासूला बाहेर काढलं का? पहिला प्रश्न काय होता? मध्येच ‘पण का मारलं?’ आलं का? शेवटी अवतरणात लिहिलं का? तीन महिन्यांनी वॉर्डातल्या खऱ्या केस शीट काढा आणि किती जणांनी बाईचे शब्द लिहिलेत ते मोजा. एवढं मोजलंत तरी प्रश्नावलीपेक्षा खरं चित्र दिसेल.

राहिली ती मागं थांबलेली मुलगी. तुम्हाला सुचलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका, ती तुमच्याशी बोलली यातच तुम्ही काहीतरी बरोबर केलं होतं. मात्र आता थांबू नका, याच आठवड्यात तिला गाठा. वर्गासमोर बोलवू नका, ‘रेकॉर्ड बुक घेऊन ये’ म्हणून बोलवा. ‘त्या दिवशी तू बोललीस ते माझ्या लक्षात आहे. मी तेव्हा नीट ऐकलं नाही, आज वेळ काढलाय,’ एवढं म्हणा. मार आईला बसतो की तिला, हे तिचं तिला सांगू द्या. तिलाच बसत असेल तर २००५ चा कायदा फक्त बायकोसाठी नाही, एकाच घरात राहणाऱ्या मुलीला वडिलांविरुद्ध, भावाविरुद्धही त्याचा आधार आहे, हे तिला सांगा. सुट्टीत घरी जायची भीती वाटते का, विचारा. वाटत असेल तर त्या काळात हॉस्टेलवर राहायची सोय तिच्या नावानं बोभाटा न करता प्राचार्यांकडून करून घ्या. दहावी-बारावीची मूळ कागदपत्रं कुठं आहेत ते विचारा, घरी असतील तर पुढच्या खेपेला आणून कॉलेजात ठेवायला सांगा. घरी फोन करू नका, ती सांगेपर्यंत नाही. पुढच्या तीन आठवड्यांत कॅज्युअल्टीच्या पोस्टिंगला तिला एकटी ठेवू नका, आणि तुमच्या रोल प्लेमध्ये तिला मार खाणाऱ्या बाईचं काम देऊ नका. पहिल्या सत्राच्या आधी सगळ्या वर्गाला सांगा की कुणाला बाहेर जावंसं वाटलं तर कारण न सांगता जाता येईल. मग दाराजवळची खुर्ची रिकामी ठेवा. तिथं ती बसेल, किंवा दुसरंच कुणीतरी बसेल.